मोटरची पाटी वाचा, मग बिलाला दोष द्या

दर महिन्याला वीजबिले वाटली गेली की आमच्या दुकानावर एक ठरलेले वाक्य ऐकू येते. मजुरीवर कापड विणून देणारा कारागीर गादीच्या कडेला बसतो, खिशातून चार घड्या केलेले बिल काढतो आणि म्हणतो, "सेठ, मीटर भागता है." चहा येतो, दरवाढीवर चर्चा होते, सरकारला चार शब्द सुनावले जातात आणि बिल पुन्हा खिशात जाते. मजुरी वाढवून मागण्यासाठी त्याच बिलाचा आधार घेतला जातो. मजुरी नाकारण्यासाठी आम्ही व्यापारीही तेच बिल पुढे करतो.

गेली काही वर्षे मी अशा वेळी तीन प्रश्न विचारू लागलो आहे. तुमच्या मागावरची मोटर किती अश्वशक्तीची? ती चालताना किती अँपिअर घेते? आणि तुमच्या कारखान्याचा पॉवर फॅक्टर किती? पहिल्या प्रश्नाला अंदाजे उत्तर मिळते. दुसऱ्याला "वायरमनला माहीत" असे सांगितले जाते. तिसऱ्याला उत्तरच मिळत नाही.

हाच माणूस सूत बोटांत धरून तीसचे आहे की चौतीसचे ते सांगतो. काच लावून एका इंचात किती पिका पडल्या ते मोजतो. ताग्यात अर्धा वार कमी भरला तर रात्री झोपत नाही. ज्याची सारी जिंदगी मोजमापात गेली, तो महिन्याकाठी हजारो रुपयांची वीज मात्र न मोजता, न समजता विकत घेतो. वीज महाग आहे हे खरे, आणि दर कमी व्हावेत ही मागणी करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. परंतु बिलाचा एक हिस्सा आपल्या अज्ञानाचा आहे. तो कमी करण्यासाठी ना मोर्चा लागतो ना निवेदन. या लेखात मला त्याच हिश्श्याबद्दल बोलायचे आहे.

पाटीवर काय लिहिलेले असते

प्रत्येक मोटरच्या अंगावर धातूची एक छोटी पाटी असते. आपल्याकडे ती बहुधा तेल आणि रुईखाली गाडली गेलेली असते. एकदा कापडाने पुसून वाचावी.

पाटीवर पहिला आकडा एच. पी. किंवा किलोवॅटचा असतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून १ एच. पी.च्या मोटरवर ०.७५ किलोवॅट असे लिहितात. येथेच पहिला गैरसमज होतो. हा आकडा मोटर वीज किती खाते याचा नाही, तर तिच्या दांड्यावर, म्हणजे पुलीला, ती जास्तीत जास्त किती काम देऊ शकते याचा आहे. मोटर स्वतः काही वीज उष्णतेत घालवते. तिची कार्यक्षमता शंभरात ७५ असेल तर दांड्यावर ७४६ वॅट देण्यासाठी ती सुमारे ९९५ वॅट घेईल. म्हणजे पूर्ण भारावर तासाला जवळजवळ एक युनिट.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. पाटीवर १ एच. पी. लिहिले म्हणून मोटर नेहमी तेवढेच काम करते असे नाही. मोटर काम देते ते मागाने मागितले तेवढेच. साधा माग, ज्याला आम्ही साचा म्हणतो, चालू झाल्यावर अनेकदा १ एच. पी.च्या निम्म्याच्या आसपास ताकद मागतो. मग मोटर तेवढीच देते. मोठी मोटर लावली म्हणून साचा जास्त पिका टाकत नाही. पिका ठरतात मोटरचे फेरे आणि पुलीचा आकार यांवर. पन्नास हर्ट्झच्या विजेवर चार पोलच्या मोटरचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि सहा पोलच्या मोटरचे १०००. प्रत्यक्ष दांडा त्याहून थोडा मागे राहतो. म्हणूनच पाटीवर १४२० किंवा ९४० असे आकडे दिसतात. मोटर एक अश्वशक्तीची असो वा दोन, पोल तेच असतील तर फेरे जवळपास तेच राहतात.

पाटीवरचे अँपिअर हे पूर्ण भारावरचे असतात. व्होल्ट बहुधा ४१५. त्याखेरीज कार्यक्षमता शेकड्यात आणि पॉवर फॅक्टर ०.७ किंवा ०.८ असा लिहिलेला असतो. हे दोन आकडे वेगवेगळे आहेत. घेतलेल्या विजेपैकी किती कामात आली ते कार्यक्षमता सांगते. पॉवर फॅक्टर कशाचा असतो ते समजण्यासाठी मात्र आपल्याच धंद्यातील कांडीकडे पाहावे लागेल.

सूत आणि कांडी

धोट्यात कांडी बसते. कांडीवर सूत गुंडाळलेले असते. सूत कापडात जाते आणि कांडी रिकामी होऊन परत येते. कापडात लाकडाचा एक तुकडाही जात नाही, पण कांडीशिवाय धोटा चालणार नाही. आता समजा, कांड्या भरण्याचे काम गावाबाहेर होते आणि टेम्पोवाला भरलेल्या कांड्या आणतो व रिकाम्या परत नेतो. टेम्पोत जागा सुताला लागते तशी कांडीलाही लागते.

मोटरचेही असेच आहे. तिला दोन प्रकारची वीज लागते. एक प्रत्यक्ष काम करणारी. ती किलोवॅटमध्ये मोजतात आणि हेच आपले सूत. दुसरी मोटरच्या लोखंडात चुंबक तयार करणारी. ती दर फेऱ्यात जाते आणि परत येते, कापडात उतरत नाही, पण तिच्याशिवाय मोटर फिरत नाही. ती केव्हीएआरमध्ये मोजतात. ही आपली कांडी. दोन्ही मिळून तारेवर जो बोजा पडतो तो केव्हीए. तारा, स्विच, ट्रान्सफॉर्मर या सर्वांना हा एकूण बोजा वाहावा लागतो. एकूण बोजात कामाची वीज किती, याचे प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. तो १ असेल तर सगळे सूतच आहे. ०.६ असेल तर टेम्पोची बरीच जागा कांड्यांनी अडवलेली आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. या दोन विजांची सरळ बेरीज होत नाही. उर्दू शाळेत आम्ही मुसल्लस शिकलो, मराठी शाळेत मुले काटकोन त्रिकोण शिकली. तोच हिशेब येथे लागतो. समजा, एका कारखान्यात २४ साचे आहेत आणि प्रत्येक साचा चालताना अर्धा किलोवॅट घेतो. कामाची वीज झाली १२ किलोवॅट. चुंबकाची वीज १६ केव्हीएआर असेल तर १२ चा वर्ग १४४, १६ चा वर्ग २५६, बेरीज ४००, आणि त्याचे वर्गमूळ २०. एकूण बोजा २० केव्हीए. पॉवर फॅक्टर १२ भागिले २०, म्हणजे ०.६. शाळेत जो धडा परीक्षेपुरता पाठ केला, तो असा कारखान्याच्या फाटकात उभा असतो.

बिलात हे कोठे दिसते

येथे वाचकांनी सावधपणे वाचावे, कारण वीज वाचवण्याच्या नावाखाली होणारी बरीच फसवणूक येथूनच सुरू होते.

तुमचे बिल केवळ किलोवॅट-तासावर, म्हणजे आपण ज्याला युनिट म्हणतो त्यावर होत असेल, तर मीटर फक्त सूत मोजतो, कांडी मोजत नाही. अशा बिलात पॉवर फॅक्टर सुधारल्याने फारच थोडा फरक पडतो. तारांवरचा प्रवाह कमी होतो, तारा कमी तापतात, शंभरात एखाद-दुसरे युनिट वाचते. त्याहून अधिक नाही.

परंतु बिल केव्हीएएचवर होत असेल तर मीटर सूत आणि कांडी दोन्ही मिळून मोजतो. वरच्या कारखान्यात तासाला १२ ऐवजी २० चा आकडा पडेल. महाराष्ट्रात उच्चदाबाच्या ग्राहकांना पूर्वी पॉवर फॅक्टर ०.९० च्या खाली गेला की वेगळा दंड बसत असे. १ एप्रिल २०२० पासून त्यांची आकारणीच केव्हीएएचवर होऊ लागली. सायझिंग आणि प्रोसेसच्या ज्या बंधूंकडे उच्चदाबाचे कनेक्शन आहे त्यांच्यासाठी दंडाचा रकाना गेला, पण दंड गेला नाही. तो प्रत्येक युनिटात मिसळला.

लघुदाबाच्या यंत्रमागांसाठी दरपत्रकात २० किलोवॅटची रेषा आहे. २० किलोवॅटपर्यंत महिन्याचा स्थिर आकार कनेक्शनमागे ठरलेला असतो. त्यापुढे तो केव्हीएतील मागणीवर लागतो. म्हणजे त्या महिन्यात तुमच्या कारखान्याने तारेवर जास्तीत जास्त किती बोजा टाकला यावर. रेषेच्या पलीकडे गेलात की कांडीचेही भाडे द्यावे लागते.

आता २७ अश्वशक्ती हा आकडा कोठून येतो ते पाहा. आपल्या धंद्यात सवलतीची चर्चा निघाली की हा आकडा हमखास निघतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने अतिरिक्त वीज सवलत दिली तेव्हाही २७ अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना युनिटमागे १ रुपया आणि त्यावरच्यांना ७५ पैसे असा भेद होता. २७ ला ०.७४६ ने गुणले तर २०.१४ येतात. म्हणजे ही जवळपास तीच २० किलोवॅटची रेषा आहे. आणि ही रेषा तुम्ही ओलांडली की नाही, ते कारखान्यात जोडलेल्या मोटरींच्या पाट्यांवरच्या आकड्यांची बेरीज करून ठरते. मोटर प्रत्यक्षात किती काम करते हे तेथे कोणी विचारत नाही.

माझी स्वतःची चूक

हे सर्व मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. एका कारागिराचे नुकसान करून शिकलो, म्हणून सांगतो.

२०१३ साली आमच्यासाठी विणणाऱ्या एका कारागिराकडे २४ साचे होते. प्रत्येकावर १ एच. पी.ची मोटर, शिवाय २ एच. पी.चे कांडी मशीन. बेरीज २६. दहा मोटरी जुन्या झाल्या होत्या, पुन्हा पुन्हा जळत होत्या. मला एका भंगारवाल्याकडे दीड एच. पी.च्या जुन्या मोटरींचा लॉट स्वस्तात मिळत होता. मी कारागिराला म्हणालो, "चाचा, दमदार मोटर आहे, साचा हलका चालेल. पैसे मजुरीतून हळूहळू कापून घेऊ." त्यांनी माझ्या शब्दावर दहा मोटरी बसवल्या.

साच्यांनी एकही पिक जास्त टाकली नाही. बेरीज मात्र २६ वरून ३१ झाली. काही महिन्यांनी तपासणी झाली, पाट्या मोजल्या गेल्या, मंजूर भारापेक्षा जोडभार जास्त निघाला. फरकाची रक्कम भरावी लागली आणि कनेक्शन रेषेपलीकडच्या दरात गेले. तेथे केव्हीएवर आकार लागतो. आणि मोठ्या मोटरी तर जवळपास रिकाम्याच फिरत होत्या.

रिकामी मोटर ही पॉवर फॅक्टरची सर्वांत मोठी वैरी असते. चुंबकासाठी लागणारी वीज मोटरच्या आकारावर ठरते. काम कमी झाले म्हणून ती फारशी कमी होत नाही. पूर्ण भारावर ज्या मोटरचा पॉवर फॅक्टर ०.८ च्या जवळ असतो, तिचाच निम्म्या भारावर ०.६ च्या आसपास येतो आणि अगदी रिकामी फिरताना ०.३ च्याही खाली जातो. चार कांड्यांचे सूत न्यायला आपण मोठा ट्रक लावला होता, असा त्याचा अर्थ.

चाचांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्या वर्षी त्यांनी चार साचे विकले. मी मोटरींचे पैसे सोडून दिले, पण त्याने साचे परत आले नाहीत. स्वस्त मोटरीचा सौदा मी दहा मिनिटांत केला होता. पाटीवरच्या आकड्यांची बेरीज करायला एक मिनिटही पुरले असते.

कपॅसिटर: औषध आणि भोंदूगिरी

पॉवर फॅक्टर सुधारण्याचे परिचित साधन म्हणजे कपॅसिटर. तो काय करतो? कांड्या गावाबाहेरून आणण्याऐवजी कारखान्यातच ठेवण्याची सोय करतो. मोटर आणि कपॅसिटर चुंबकाची वीज आपसात देतात-घेतात, ती दूरच्या तारेवरून यावी लागत नाही.

मघाच्याच कारखान्यात साडेबारा केव्हीएआरचे कपॅसिटर लावले तर बाहेरून आणायची चुंबकाची वीज १६ वरून साडेतीनवर येते. पुन्हा तोच मुसल्लस मांडा. १२ चा वर्ग १४४, साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, वर्गमूळ साडेबारा. एकूण बोजा २० वरून १२.५ केव्हीए झाला. पॉवर फॅक्टर ०.६ वरून ०.९६ झाला. तारेवरचा प्रवाह २८ अँपिअरवरून साडेसतरापर्यंत उतरला. तारेतील उष्णतेचा नाश प्रवाहाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो शंभरावरून चाळिशीच्या खाली आला. काम मात्र तेच, १२ किलोवॅट. साचे तेच, कापड तेच.

पण चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, कपॅसिटरचा फायदा तो बसवलेल्या जागेच्या मागच्या तारांना होतो, पुढच्या तारांना नाही. मीटरजवळ लावला तर बिलाच्या मापाला उपयोग होईल, पण शेवटच्या साच्यापर्यंतची तार तशीच तापेल. शक्यतो तो साच्यांच्या रांगेच्या बोर्डाजवळ बसवावा आणि साचे बंद झाले की तोही बंद व्हावा.

दुसरी, जास्तीचा कपॅसिटर हेही नुकसानच. दोन-तीन साचे चालू आणि कपॅसिटर चोवीस साच्यांचा, अशा वेळी पॉवर फॅक्टर उलट बाजूला जातो, व्होल्टेज चढते आणि बोजा पुन्हा वाढतो. एकेका मोटरला कपॅसिटर जोडायचा असेल तर तो त्या मोटरच्या रिकाम्या चालण्याला लागणाऱ्या चुंबकाच्या विजेपेक्षा कमीच ठेवावा. नाहीतर स्विच बंद केल्यावरही मोटर कपॅसिटरच्या जोरावर वीज निर्माण करू लागते. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हचे रॅपिअर माग घेतले आहेत त्यांनी तर जाणकाराला दाखवल्याशिवाय साधे कपॅसिटर जोडूच नयेत. ते तापतात आणि फुटतात.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते. ती उतरवण्यासाठी आत रेझिस्टर असतो, पण जुन्या कपॅसिटरमधला तो जळालेला असू शकतो. मेन बंद केला म्हणून लगेच हात घालू नये. काही मिनिटे थांबावे, मीटरने तपासावे, आणि हे काम परवानाधारक वायरमननेच करावे. रुई झाडायला पोरगा पाठवण्याची जी सवय आपल्या कारखान्यांत आहे, ती कपॅसिटरच्या पेटीजवळ चालणार नाही.

चौथी, बाजारात प्लगमध्ये खोचायचे 'बिजली बचत' डबे विकले जातात. आत असतो बहुधा एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा. घरचा मीटर युनिट मोजतो, कांडी मोजत नाही, म्हणून घरच्या बिलात या डब्याने काही वाचत नाही. दाखवताना विक्रेता अँपिअर कमी झालेले दाखवतो, आणि ते खरोखरच कमी होतात. पण तुम्ही पैसे अँपिअरचे देत नाही. बिल कशाचे आहे ते ठाऊक असलेला माणूस या डब्याला फसणार नाही.

वाइंडरकडून आलेली मोटर

कपॅसिटरच्या आधी मोटर सुधारली पाहिजे. आपल्याकडे मोटर जळते, वाइंडरकडे जाते, दोन दिवसांत परत येते. चांगला वाइंडर मूळ वेढे मोजतो आणि त्याच जाडीची तार भरतो. घाईतला वाइंडर वेढे कमी भरतो किंवा तार बारीक वापरतो. वेढे कमी झाले की लोखंडाला जास्त चुंबकीय प्रवाह लागतो. मोटर रिकामी फिरतानाच अँपिअर जास्त घेते आणि पॉवर फॅक्टर घसरतो. तार बारीक झाली की मोटर तापते आणि कार्यक्षमता घसरते. दोन्ही दोष डोळ्यांना दिसत नाहीत, कारण मोटर फिरत असते.

याची परीक्षा सोपी आहे. मोटर वाइंडरकडे देण्यापूर्वी, चांगली असतानाच, पट्टा काढून रिकामे अँपिअर टोंग टेस्टरने मोजून वहीत लिहावेत. भरून आल्यावर पुन्हा मोजावेत. आकडा बराच वाढला असेल तर वाइंडरशी बोलावे. मात्र चालत्या साच्यावर अँपिअर निम्मे दिसले म्हणून भार निम्मा, असा हिशेब करू नये. रिकाम्या मोटरलाही बरेच अँपिअर लागतात. खरा भार कळण्यासाठी वॅट दाखवणारे मीटर लावावे लागते.

मोटर नवी घ्यायची असेल तर केवळ किंमत पाहू नये. आयएस १२६१५ या मानकात मोटरींचे आयई२, आयई३, आयई४ असे वर्ग आहेत. चार पोलच्या ०.७५ किलोवॅट मोटरची पूर्ण भारावरची किमान कार्यक्षमता आयई२ मध्ये ७९.६ आणि आयई३ मध्ये ८२.५ टक्के आहे. ७२ टक्क्यांची जुनी मोटर त्याच कामाला १.०४ किलोवॅट घेते, आयई३ची ०.९१ घेते. फरक तासाला ०.१३ युनिट, निम्म्या भारावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. एका साच्याला तो क्षुल्लक वाटेल. चोवीस साचे आणि वर्षभराच्या दोन पाळ्या धरून पाहा. हे आकडे सर्वसाधारण कामाच्या मोटरींचे आहेत. साच्यासाठी मोटर वेगळ्या जातीची लागते, कारण साचा सुरू होताना झटका मोठा असतो. त्यासाठी आयएस २९७२ या मानकाचा पहिला भाग आहे. म्हणून कमी भार दिसला तरी अर्ध्या एच. पी.ची कोणतीही मोटर आणून बसवू नये. ती साचा उचलणार नाही आणि जळेल. मोटर साच्याला लागेल तेवढीच हवी, जास्त नको आणि कमीही नको.

व्यापाऱ्यांनी काय करावे

आता माझ्या बरोबरीच्या व्यापाऱ्यांना दोन शब्द. मजुरीचा दर ठरवताना आपण सुताचा भाव पैशापर्यंत काढतो, पण विजेचा हिशेब कारागिराच्या रडण्यावर आणि आपल्या नकारावर सोडतो. एका मीटर कापडामागे किती युनिट लागले, हा आकडा ना त्याच्याकडे असतो ना आपल्याकडे. तो काढणे अवघड नाही. पाळी सुरू होताना आणि संपताना मीटर वाचावा, त्या पाळीत किती मीटर कापड उतरले ते लिहावे, भागाकार करावा. वरच्या कारखान्यात दहा तासांना १२० युनिटांच्या आसपास पडायला हवेत. १७० पडत असतील तर बेअरिंग, पट्टा, वाइंडिंग, तारा यांपैकी कोठेतरी गळती आहे. सगळे ठीक असूनही आकडा जुळत नसेल तर मीटर तपासणीचा अर्ज करावा. तेव्हा "मीटर भागता है" ही नुसती तक्रार राहणार नाही, हातात पुरावा असेल. नवे इलेक्ट्रॉनिक मीटर आळीपाळीने आकडे दाखवतात. त्यांत युनिटांखेरीज केव्हीए आणि पॉवर फॅक्टरही असतो. पाच मिनिटे त्याच्यासमोर उभे राहिले तर पुष्कळ कळते.

प्रत्येक मोहल्ल्यातील कारखानदारांच्या संघटनेने एक टोंग टेस्टर आणि एक वॅट-पॉवर फॅक्टर मीटर विकत घ्यावे. दोन-चार जणांत वाटला तर खर्च कोणालाही जड नाही. आयटीआय शिकलेली आपली मुले काम शोधत फिरतात. त्यांच्यापैकी एकाला महिन्यातून एक दिवस हे काम द्यावे. त्याने प्रत्येक कारखान्यात जाऊन पाट्या वाचाव्यात, बेरीज करावी, अँपिअर मोजावेत आणि कागद कारखानदाराच्या हाती ठेवावा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहून ठेवा.

आणि जो व्यापारी कारागिराला मोटर घ्यायला, माग बदलायला कर्ज देतो, त्याने आधी त्या कारखान्याच्या पाट्यांची बेरीज करावी. कर्ज आपण देतो, सल्लाही आपणच देतो, पण चूक झाली की साचा कारागिराचा विकला जातो. हा व्यवहार बरोबरीचा नाही. निदान सल्ला तरी मोजून द्यावा.

दर ठरवणे आपल्या हातात नाही. त्यासाठी भांडावे लागेल आणि भांडलेच पाहिजे. पण वीज आयोगापुढे किंवा वितरण कार्यालयात जो माणूस आपल्या मोटरींचे एच. पी., आपला केव्हीए आणि आपला पॉवर फॅक्टर सांगू शकतो, त्याचे म्हणणे टाळणे कोणालाही कठीण जाते. चाचांकडे आज वीस साचे आहेत. प्रत्येक मोटरवर खडूने तिचे रिकामे अँपिअर लिहिलेले आहेत. आता बिल आले की ते माझ्याकडे घेऊन येत नाहीत, आधी वही उघडतात.